देवकीचं खळं

‘जाऊ दे’ हे दोन शब्द मला फार आवडतात. वाशिंदहून शहापूरला रोज ये-जा करता करता माझी निम्मी नोकरी या दोन शब्दांवर निघाली आहे. पंखा खडखडतो, जाऊ दे. मुरबाडच्या मुख्य ऑफिसानं तिसऱ्यांदा तेच विचारलं, जाऊ दे. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना देवकी मेंगाळ आमच्याकडे नोकरीला लागली आणि माझ्या सुखात बिब्बा पडला. तिला हे दोन शब्द चालतच नाहीत.

आमचं ऑफिस म्हणजे शहापूरच्या बाजाराच्या टोकाला, जळून बंद पडलेल्या भातगिरणीला लागून असलेलं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण केंद्र. लांबट खोली, वीसेक कॉम्प्युटर, पुढे माझं टेबल, मागे एक पडवी आणि रस्त्याकडे लोखंडी गेट. मी सारिका भेरे, इथली कारकून. सगळे भेरेबाई म्हणतात आणि जरा जपूनच म्हणतात, कारण माझं तोंड फटकळ आहे. अनंता हा शिपाई, झाडूवाला आणि रखवालदार, तिन्ही मिळून एकच. आणि देवकी शिकवते. कॉम्प्युटर बिघडला तर तीच उघडून बसते, कारण दुरुस्तीवाला वाशिंदहून बोलवायचा तर त्याची मनधरणी कॉम्प्युटरपेक्षा जड जाते.

देवकी शेणव्याच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या पाड्यावरची. अंगानं काटकुळी, केस घट्ट बांधलेले, डबा खायचा तोही उभ्यानं. लहानपणी ओढ्यात मुठे पकडायची, म्हणजे ते शेतातले खेकडे. एकदा मी तिला म्हटलं, “देवकी, एवढी कशाला डोकं लावतेस त्या प्रिंटरला? जाऊ दे.” तर म्हणाली, “बाई, मुठ्याच्या बिळात हात घातला का मग चावला म्हनून काढायचा नाय. हात काढला का तो अजून आत जातो, आन चावलेला फुकट जातो.” प्रिंटर संध्याकाळी चालू झाला. मला थोडा रागच आला होता, खरं सांगते.

तिची एक गोष्ट मात्र चावली होती आणि फुकट गेली होती. बारावीनंतर तिनं नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलं. केंद्र आलं कल्याणच्याही पलीकडे. पहाटे पाड्यावरून चालत खाली, मग शेणव्याहून जीप, मग आटगाव स्टेशन. जीपचं चाक वाटेत बसलं. ती केंद्राच्या गेटशी पोचली तेव्हा रखवालदार कडी लावत होता. “टाइम झाला,” म्हणाला. हातापाया पडून उपयोग झाला नाही. ही पोर मग तिथंच गेटसमोर फुटपाथवर बसून राहिली, पेपर संपेपर्यंत. मी विचारलं, “बसलीस कशाला गं? घरी यायचं ना.” तर म्हणाली, “आतल्या पोरी भाईर आल्या का विचारायचं होतं, पेपर कसा व्हता.” हे ती अगदी सहज सांगते. 

पुढे परीक्षेला बसायचं तिचं वय निघून गेलं. ते गेलं तर गेलं, पण त्या दिवसाची गोष्ट पाड्यावर राहिली. कोणाची मुलगी परीक्षेचं नाव काढायला लागली, की म्हातारेकोतारे म्हणायचे, “देवकीचा काय झाला, ठावा हाय ना?” एवढं म्हटलं की विषय संपायचा. तिच्यानंतर पाड्यावरची एकही मुलगी परीक्षेला खाली उतरली नाही. देवकीला स्वतःच्या हुकलेल्या पेपरापेक्षा याचं जास्त लागायचं. “बाई, मी गेली नसती तर बरा झाला असता. माज्या नावानं कुलूप लागलाय तिथं,” असं एकदा म्हणाली आणि मग तो विषय तिनं कधी काढला नाही.

या वर्षी आमच्या संस्थेनं त्याच परीक्षेचं केंद्र शहापूरला मागितलं. मागितलं कसलं, देवकीनं मुरबाडला जाऊन आमचे सचिव कमळाकरराव यांच्या डोक्याशी बसून मागवून घेतलं. परीक्षा घेणाऱ्या एजन्सीनं होकार दिला, पण अट घातली. परीक्षा कॉम्प्युटरवर, आणि त्यासाठी सगळ्या कॉम्प्युटरांत नवा ब्राउझर हवा. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट बघतो ते. जुन्या खिडकीत पेपर उघडणार नाही. ठरलेल्या सोमवारी एजन्सी तपासणी करणार, आणि त्यात नापास झालो तर शहापूरच्या सगळ्या मुलींना कल्याणचं केंद्र.

त्यात काजल होती. काजल देवकीच्या पाड्यावरची, नवसूची थोरली. हुशार, पण बापाच्या शब्दाबाहेर नाही. देवकी तीन वेळा नवसूच्या ओटीवर जाऊन बसली, तेव्हा कुठे तो म्हणाला, “शहापूर असंल तर जाईल. खालीच हाय, मी सोडीन. कल्यान असंल तर घरीच ऱ्हायाचा. आमी एकदा बघितलंय.”

तर सगळं त्या खिडकीवर येऊन ठेपलं. आणि खिडकी बसेना.

देवकी नवा ब्राउझर टाकायची. तो निम्म्यावर जाऊन सांगायचा, की या मशीनचं आतलं एक जुनं अपडेट राहिलंय, ते आधी पुरं करा. बरं, ते करायला घ्यावं, तर त्यासाठी मशीन बंद होऊन परत चालू व्हावं लागायचं आणि आमच्या जुन्या डब्यांना त्यात कितीतरी वेळ लागायचा. दिवसभर बॅच. मुलांना काय सांगणार, बसा आणि गोल फिरणारं चक्र बघा? म्हणून ती संध्याकाळी निघताना सगळ्या मशीनवर ‘अपडेट करून बंद हो’ असं सांगायची आणि शेणव्याची जीप पकडायला पळायची. सकाळी येऊन बघावं तर अपडेट अयशस्वी, खाली एक लांबलचक आकडा, आणि ब्राउझरचं येरे माझ्या मागल्या. एकदा दिवसा एका मशीनवर करून पाहिलं, तर दुपारी लाईटच गेली.

मग तिनं तो आकडा मोबाईलवर शोधला. शोधून जे जे सापडलं ते सगळं केलं. मशीनमधली जागा रिकामी केली. कमळाकररावांच्या पुतण्याच्या लग्नाचे फोटो आणि हळदीचे व्हिडिओ आमच्या मशीनांत का होते, हे कोणी सांगू शकलं नाही. तेही गेले. व्हायरस पकडणारा प्रोग्राम काढून पाहिला, परत टाकून पाहिला. इंटरनेटची वायर बदलली. ब्राउझर पेन ड्राइव्हवर आणून टाकला. दर सकाळी तोच आकडा. मी म्हणायची, “पालथ्या घड्यावर पाणी गं हे.” ती ऐकायची नाही.

शेवटी वाशिंदचा भाविक आला. चांगला मुलगा, पण लोकल चुकेल या घाईत असतो. त्यानं चार मशीन बघितली आणि म्हणाला, “बाई, ही मशीन म्हातारी झाली. नवीन घ्या. तसं मॅडम करतात ते बरोबर आहे, जाताना अपडेट लावून जायचं, रात्रीत होतं ते. सगळीकडे तसंच करतात. इथं होत नाही म्हणजे मशीनमध्येच दम नाही.” असं म्हणून गेला फास्ट पकडायला.

हे ऐकून कमळाकररावांचा मुरबाडहून फोन आला. मी स्पीकरवर ठेवला. “देवकी, नसत्या फंदात पडलो आपण. मी एजन्सीला कळवून टाकतो, यंदा जमत नाही. पुढच्या वर्षी बघू.” त्यांच्या आवाजात सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद होता.

देवकी म्हणाली, “सर, सोमवारपर्यंत कळवू नका.”

“अगं, पण तज्ज्ञ माणूस सांगून गेला—”

“तो गेला सर. मी हाय इथं.”

फोन ठेवल्यावर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी मुद्दाम फायलीत डोकं घातलं. अशा वेळी कोणी आपल्याकडे बघू नये असं वाटतं माणसाला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली. “बाई, जरा उठता?” माझ्या मशीनवर तिनं काहीतरी उघडलं आणि बघतच राहिली. माझ्या मशीनवर ते अडून राहिलेलं जुनं अपडेट पुरं झालेलं होतं. मला पत्ताच नाही. मी आपली जमाखर्च लिहिते आणि बंद करते.

“तुमी काय केलात?”

“मी? मी कुठे काय केलं!” माझा आवाज चढला. माझ्यावर आळ आला की तो आपोआप चढतो. “मी हात लावला नाही त्याला!”

“बाई, चिडू नका. तुमचं मशीन पन त्याच लॉटमधलं. तेवढंच म्हातारं. तुमचं झालं, आमचं नाय झालं. म्हंजे तुमी कायतरी केलात जे मी नाय केलं.”

मी आठवायला लागले. काही म्हणता काही नाही. मग आठवलं, की आदल्या आठवड्यात माझ्या भाचीचा साखरपुडा होता, म्हणून मी दुपारीच घरी गेले होते. देवकीनंच ओरडून सांगितलं होतं, बाई, बंद करताना अपडेट लावा. मी लावलं आणि गेले. बाकी रोज मी पण सगळ्यांबरोबरच संध्याकाळी बंद करते.

देवकी जागेवर जाऊन बसली, परत उठली. “दुपारी,” एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं सगळ्या मशीनवर अपडेट लावलं आणि जीपला गेली नाही. मी म्हटलं, नंतरची मिळेल ना? म्हणाली, मिळेल, नाय तर चालत जाईन. मी पण थांबले. का थांबले कोण जाणे, घरी भाजी निवडायची होती. आम्ही दोघी स्टुलावर बसून वीस पडद्यांवरची गोल चक्रं बघत होतो. खाली इंग्रजीत लिहिलेलं, कृपया मशीन बंद करू नका. टक्क्यांचा आकडा पुढे सरकत होता, हळूहळू, पण सरकत होता.

उन्हं उतरली तसा अनंता आला. रोजच्यासारखा चपला बाहेर काढून. “तुमी अजून हितंच?” एवढं म्हणाला आणि थेट मागच्या भिंतीकडे गेला. तिथं मेन स्विच आहे, जुना, लोखंडी दांड्याचा. त्यानं आधी दांड्याला, मग कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि दांडा खाली ओढला.

वीसच्या वीस पडदे काळे झाले. खाली ठेवलेले, नुसते ओरडण्यापुरते उरलेले बॅटरीचे डबे टी-टी करायला लागले, तसे त्यानं शांतपणे एकेक करून तेही बंद केले. “रोज वरडतात मेले,” म्हणाला.

देवकीनं अंधारातूनच विचारलं, “अनंताकाका, सकाळी चालू तुमीच करता?”

“मग कोन करील? तुमी येयाच्या आदी सगळं लावून ठेवतो. थोडा वेळ ते गोल गोल फिरतं, कायतरी लिवून येतं. तवर मी झाडू मारतो, अगरबत्ती लावतो. तुमी येईस्तवर थंड होतं.”

सकाळी काय लिहून यायचं तेही मग कळलं. अपडेट अर्ध्यात तुटलं, म्हणून मशीन सगळं उलटं करून पहिल्यासारखं होत होतं. रोज सकाळी, आम्ही यायच्या आत, अगरबत्तीच्या वासात. भाविकच्या डोक्यात हे येणार कसं? दुसऱ्या कुठल्या ऑफिसात कोण रोज सगळ्या इमारतीची वीज तोडून घरी जातो? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मला हसू फुटलं आणि थांबेना. देवकी हसली नाही. अनंताच्या तोंडाकडे बघून तिला कळलं होतं, की खरी अडचण आता सुरू होतेय.

कारण ती शेजारची जळकी भातगिरणी. तिथं अनंता तरुणपणी कामाला होता. तारेला तार लागून गिरणी पेटली, आणि भाताची पोती, तूस, सगळं दोन दिवस धुमसत होतं. त्यानं ते डोळ्यांनी बघितलं होतं. माणसाचं दुधानं तोंड पोळलं की तो ताकही फुंकून पितो. दिवस मावळला की त्या इमारतीत वीज ठेवायची नाही, हे त्यानं स्वतःच्या मनाशी घातलेलं व्रत होतं, आणि इतक्या वर्षांत ते मोडलेलं नव्हतं. आम्ही सगळे त्याबद्दल त्याला नावाजत आलो होतो. आता कुठल्या तोंडानं सांगणार, की बाबा रे, तुझ्या नेकीनंच घात केला?

देवकीनं तसं सांगितलंही नाही. काजलचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं, आणि एवढंच म्हणाली, “एक संध्याकाळ ठेवा चालू. मी बसते ना हितं राखनीला.”

“नाय गो बाय.” अनंताचा आवाज एकदम लहान झाला. “तू बसशील, पन मला तिकडं झोप नाय येनार. तू लेकीसारखी हायेस. मी बटन वर ठेवून घरी जाऊ, तुला आत ठेवून? नाय.”

“मग रविवारी दिवसा. सुट्टी हाय, बॅच नाय. तुमी पन बसा.”

“रविवारी माझी झोडनी हाय. भात कापून पडलाय, माणसं नाय मिळत. रविवार सोडला तर मग माझा खळा कोन उठवील?”

चावी अनंताकडे. मेन स्विच त्याचा. आणि हे बोलणं शुक्रवारचं. मला वाटलं, संपलं. मी तोंड उघडून ‘जाऊ दे’ म्हणणारच होते. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

रविवारी उजाडायच्या आधी देवकी आटगावजवळ अनंताच्या खळ्यावर हजर झाली. न सांगता. ओढणी कमरेला बांधून भाताची पेंढी उचलली आणि फळीवर झोडायला लागली. अनंताची बायको रंगू बघतच राहिली. मी पण गेले होते. मला हसू नका. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी खळ्याच्या कडेला बसून पेंढा बांधत होते आणि सगळ्यांना हुकूम सोडत होते. देवकीचे हात डोंगरातले. ती झोडायला लागली की भात पावसासारखा पडत होता. पाड्यावरच्या दोन पोरीही तिनं आणल्या होत्या, त्यातली एक काजल. काजल मान खाली घालून नुसती झोडत होती. आपल्या परीक्षेचं झोडतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ऊन तापायच्या आत सगळा भात झोडून खळं उठलं. आमच्याकडे अशी रीत आहे, की आज तू माझ्या खळ्यावर आलास तर उद्या मी तुझ्या खळ्यावर. त्यात मजुरी नसते आणि ‘नाही’ म्हणायची सोयही नसते. अनंतानं अंगावरचं तूस झटकलं, पाणी प्यायला आणि देवकीला म्हणाला, “चल. आता तुझा खळा कुटं हाय दाखव.”

मला तिथंच भरून आलं. लपवू कशाला?

दुपारी आम्ही ऑफिस उघडलं. देवकीनं वीसच्या वीस मशीनवर अपडेट लावलं. चक्रं फिरायला लागली. अनंतानं स्टूल घेतलं आणि मेन स्विचच्या बरोबर खाली ठेवलं. तिथं बसून तो नाकानं हवा हुंगत होता. कुठं काही जळतंय का, एवढंच. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच ती मशीनं चाललेली एवढा वेळ बघितली. “हे काय करतंय आत?” त्यानं विचारलं. देवकी म्हणाली, “झोडतंय काका. भात वेगळा, पेंढा वेगळा.” त्याला ते पटलं.

आकडा चढत होता. मधे कितीतरी वेळ अडून बसायचा. देवकी एका मशीनवरून दुसऱ्यावर फिरत होती, हात न लावता, तापातल्या पोराच्या उशाशी आई फिरते तशी. मी मागे पडवीत चहा ठेवला आणि तिच्यामागे मीही फिरायला लागले.

एकदम अनंता उठला. “वास येतोय.”

खरंच येत होता. करपल्याचा. अनंताचा चेहरा पांढरा पडला आणि हात दांड्यावर गेला. “काका, थांबा!” देवकी ओरडली. “थांबा, मी बघते!” ती धावली, एकेका मशीनच्या मागे वाकून हुंगत. अनंताचा हात दांड्यावर तसाच. घाम कपाळावरून खाली येत होता. त्यानं तो दांडा खाली ओढला असता तर कोणी त्याला बोललं नसतं, मीही नाही. पण त्यानं ओढला नाही. डोळे देवकीवर ठेवून उभा राहिला.

वास पडवीतून येत होता. माझं दूध उतू जाऊन शेगडीवर जळत होतं.

त्यानंतर दोघांनी मिळून मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. अनंतानं मला आयुष्यात पहिल्यांदा ‘भेरेबाई’ न म्हणता नुसतं ‘बाई’ म्हटलं, आणि तेही दातओठ खाऊन. मी ऐकून घेतलं. माझ्या तोंडाला त्या दिवशी बूच बसलं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा एकेक पडदा उजळला. पुढच्या ओळीतली मशीनं आधी, मग मधली. देवकी लगेच त्यावर ब्राउझर टाकत गेली, आणि या वेळी त्यानं एकदाही जुन्या अपडेटचं नाव काढलं नाही. मागच्या ओळीतली दोन तेवढी राहिली. बाहेर दिवस बुडत होता. अनंता दाराबाहेर आभाळाकडे बघायचा, मग त्या दोन पडद्यांकडे. त्याची वेळ झाली होती. त्याचं व्रत मोडत होतं, ते त्याला समजत होतं, आम्हालाही.

“काका, तुमाला उठायचं तर—” देवकी म्हणाली.

“गप गो. खळा अर्धा टाकून कोनी उठतो का?”

मागची दोन झाली तेव्हा समोरच्या दुकानात दिवा लागला होता. देवकीनं सगळी मशीनं नीट बंद केली आणि बाजूला झाली. “आता करा काका.” अनंतानं दांड्याला नेहमीसारखा हात लावला आणि खाली ओढला.

सोमवारी एजन्सीच्या बाईंनी मुंबईत बसूनच, इंटरनेटवरून एकेक मशीन तपासलं. त्यांनी “ओके” म्हटलं आणि फोन ठेवला. एवढ्या सगळ्या खटाटोपाला हा एक शब्द! मी चिडले, देवकीला मात्र तेवढा पुरला. कमळाकररावांनी मुरबाडहून अभिनंदनाचा फोन केला आणि हे केंद्र मागायची कल्पना मुळात त्यांचीच कशी होती ते मला सविस्तर सांगितलं. जाऊ दे.

परीक्षेच्या दिवशी एजन्सीची माणसं आली, आणि आमच्या माणसांना कामं वाटून दिली. अनंताला गेट दिलं. त्यानं नाही म्हटलं. “मी बटनाखाली बसनार. आज कोनी त्याला हात लावला तर बघा.” तो खरंच मेन स्विचखाली स्टूल टाकून, हाताची घडी घालून बसला. ज्या माणसानं इतकी वर्षं वीज खाली ओढली तो आता ती वर ठेवायला राखणीला बसला होता. मग गेटवर कोण? देवकी म्हणाली, “मी.”

मुली यायला लागल्या. किन्हवलीकडच्या, डोळखांबकडच्या, काही थेट मुरबाडच्या बाजूच्या. देवकी एकेकीला आत घेत होती, पाणी विचारत होती. पण काजलचा पत्ता नव्हता. गेट बंद व्हायची वेळ जवळ आली. देवकी रस्त्यात जाऊन उभी राहायची, परत यायची. मी तिच्याकडे बघवेना म्हणून आत गेले, आणि बघितल्याशिवाय राहवेना म्हणून परत बाहेर आले. नियम तो नियम. वेळ झाली की तिलाच कडी लावायची होती, स्वतःच्या हातानं, समोर कोणीही उभं असलं तरी. गेट मागून घेताना हे तिला कळलं नव्हतं असं थोडंच आहे?

मग बाजाराच्या वळणावरून नवसू दिसला. मोटरसायकल हातानं ढकलत, घामाघूम, आणि त्याच्या पुढे काजल चपला हातात घेऊन धावत येत होती. देवकी ओरडली नाही, हाका मारल्या नाहीत. गेट दोन्ही हातांनी उघडं धरून उभी राहिली. काजल तिच्या हाताखालून आत गेली.

नवसू मागून पोचला, धापा टाकत. “चेन तुटली,” म्हणाला. “म्हनलं, ह्या पोरीचा पन देवकीसारखाच—” आणि समोर देवकीच उभी आहे हे लक्षात येऊन गप्प झाला.

“नवसूदादा, झाडाखाली बसा. पेपर सुटला का भाईर येईल ती.”

वेळ झाली. देवकीनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट बघून घेतलं, अगदी लांबपर्यंत. कोणी येत नव्हतं. तिनं गेट ओढलं आणि कडी लावली. आवाज झाला तशी ती दचकली, मी बघितलं. मग हात कडीवरच ठेवून ती बराच वेळ तशीच उभी होती, गजांतून बाहेरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत.

मी जवळ गेले. “देवकी, काय झालं गं?”

“काय नाय बाई,” ती म्हणाली. “मी आतल्या बाजूला हाय.”